शालीला कसर कुणी लावली?

१

बुधवारी सकाळी पाओरा आजोबांनी काचेच्या पेटीवरचं कापड बाजूला केलं आणि ते कापड हातात धरून तसेच उभे राहिले. शहरातल्या संग्रहालयातून आलेले पिमसाहेब त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होते. मी दाराशी होते. सभाघरात खाण्यापिण्याचं काही नेत नाहीत, म्हणून साहेबांचा चहा ओसरीवर ठेवत होते.

"काय झालं?" मी विचारलं.

मग मीच आत गेले. हिनेकुराच्या शालीवर डाव्या खांद्याशी रानपोपटाच्या लाल पिसांचा पट्टा आहे. त्या पट्ट्यात तळहाताएवढी जागा उघडी पडली होती. पिसं नाहीत, नुसतं खालचं हाराकेके झुडपाच्या पानांच्या धाग्याचं विणकाम, फिकट, हाडासारखं. आणि पेटीच्या कोपऱ्यात दोन केसाळ अळ्या, तांदळाच्या दाण्याहून लहान, निवांत चालल्या होत्या.

"कसर," पिमसाहेब हळूच म्हणाले. "कसर लागलीय."

लोकरीला कसर लागते, पिसांना लागते, हे काय आम्हाला ठाऊक नव्हतं? पण ही शाल म्हणजे कुणाचा जुना स्वेटर नव्हे. हिनेकुरा आमची मूळ आई. गाव ओहिनेकुरा, सभाघर हिनेकुरा, आणि ही शाल तिच्या लेकीसुनांनी तिच्यासाठी विणलेली. कितीतरी पिढ्या ती शहरातल्या संग्रहालयात होती. आमच्या आज्यांनी परत मागितली, आयांनी मागितली, आम्ही मागितली. गेल्या हिवाळ्याआधी ती घरी आली तेव्हा म्हातारी माणसं पावसात रस्त्याच्या कडेला उभी होती. पण संग्रहालयाशी ठरलेल्या बोलीत एक अट होती. शालीची हेळसांड झाली, तर ती 'सांभाळासाठी' परत न्यायची.

आणि येत्या शनिवारच्या सोहळ्यात ती मारामाच्या खांद्यावर चढायची होती. मारामा पाओरा आजोबांची नात. समुद्रावर मोठं मालवाहू जहाज चालवणारी आमच्या गावची पहिली कप्तान.

पिमसाहेब माणूस वाईट नव्हे. तरुण, नाकावर उन्हानं भाजलेला, बोलताना टोपी हातात घेणारा. "मला खरंच वाईट वाटतंय," ते म्हणाले. "पण मी डोळे मिटून घेऊ शकत नाही. उद्या संध्याकाळपर्यंत मला वर कळवावं लागेल."

"राखण माझी होती," पाओरा आजोबा म्हणाले. त्यांनी कापडाची नीट घडी घातली, पेटीवर ठेवली आणि बाहेर जाऊन ओसरीच्या टोकाला भिंतीकडे तोंड करून बसले.

तेवढ्यात आमच्या सभाघराचे अध्यक्ष तामाहोउ फवारणीचा डबा घेऊन धावत आले. त्यांच्यामागून पाएआ मावशी काठी टेकत आली. मावशी म्हणजे गावातली सगळ्यात जाणती विणकर. तिनं काठी आडवी धरली.

"तो डबा आत आणलास तर तुलाच फवारीन, तामाहोउ!"

"अगं मावशी, किडे आहेत!"

"असू देत." मावशीनं शालीकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. "आणि पाओराला कुणी बोल लावू नका. किल्ली माझ्याकडेही होती. दोष द्यायचाच तर मला द्या."

सगळ्यांना वाटलं, बिचारी पाओरासाठी अंगावर घेतेय. मलाही तसंच वाटलं. मी स्वयंपाकघरात जाऊन रोइमाताला फोन लावला.

२

रोइमाता पेनेहा म्हणजे पाएआ मावशीची सख्खी भाची, माझी बाळपणीची मैत्रीण. इमारतींत शिरलेले किडे ओळखायचे आणि घालवायचे, हा तिचा धंदा. त्यासाठी ती विद्यापीठात शिकली, परदेशात जाऊन आली. इस्पितळं, ग्रंथालयं, बेकऱ्या, सगळे तिला बोलावतात. आमच्या गावात मात्र तिला 'किडेवाली' म्हणतात, आणि शेजारच्या गावात कुणी तसं म्हटलं तर आम्ही भांडतो.

गुरुवारी सकाळी तिची गाडी फाटकाशी थांबली. जाडजूड बाई, चष्मा कपाळावर, गळ्यात भिंग. आधी डोंगरावर आईच्या कबरीपाशी जाऊन आली, मग आमच्या रीतीनं पाओरा आजोबांच्या नाकाला नाक लावून त्यांना भेटली.

"जेवले का हे?" तिनं मला विचारलं.

"काल सकाळपासून काही नाही. बटाट्याच्या आंबवणाचा रेवेना पाव केला, तो पण परत पाठवला."

"हं." ती चपला काढून आत गेली.

मला वाटलं, सरळ पेटीपाशी जाईल. पण ती खिडकीशी गेली आणि पट्टीवर बोट फिरवलं. बोटाला चारपाच भुंगेरे चिकटून आले. टाचणीच्या डोक्याएवढे, गोल, पाठीवर तपकिरी-पांढरी नक्षी.

"हे घे, बघ," ती म्हणाली. "देखणे आहेत की नाही?"

"शी! हेच ना ते?"

"त्यांचेच आईबाप. पण पुती, मोठा झालेला भुंगेरा लोकर खात नाही, पिसं खात नाही. त्याला फुलांतला पराग हवा. म्हणून उजेडाकडे, खिडकीकडे धावतो. बाहेर त्या पांढऱ्या फुलांच्या झुडपावर जाऊन बघ, तिथं त्यांची जत्रा असेल. खाते ती अळी. आणि अळी राहते अंधारात, जिथं खाणं असेल तिथं. म्हणजे प्रश्न असा, की यांचं बाळपण गेलं कुठं?"

"तामाहोउच्या गालिच्यात!" मी म्हणाले. सगळं गाव तेच म्हणत होतं. समुद्रकाठचं एक हॉटेल बंद पडलं, तिथला लोकरी गालिचा तामाहोउंनी स्वतः ट्रकमध्ये घालून सभाघरात आणला होता आणि त्याचं कौतुक ऐकून ऐकून आमचे कान किटले होते.

तामाहोउ दारातच होते. त्यांचा चेहरा उतरला. "मी चांगल्या मनानं आणला गं, रोइमाता."

"चांगल्या मनाला कीड लागत नाही असं थोडंच आहे, काका? धरा ते टोक."

दोघांनी मिळून गालिचा कडेकडेनं उलटला. रोइमाता गुडघ्यांवर बसून भिंतीलगतची प्रत्येक फट भिंगातून बघत गेली. कंबर धरून उठली आणि तामाहोउंच्या पाठीवर थाप मारली.

"निर्मळ आहे. एक कात नाही, कण नाही. सुटलात!"

तामाहोउंनी असा सुस्कारा टाकला की मला हसू आलं.

मग तिनं शिडी मागवली. ओसरीच्या वर, कोरीव फळीच्या मागं, छपराच्या बेचकीत हात घातला आणि जुनं, ओसाड पडलेलं चिमण्यांचं घरटं काढलं. कागदावर झटकलं. पिसं, गवत, मेलेली दोन पिल्लं वाळून चिप्पाड झालेली, आणि त्यांत वळवळणाऱ्या केसाळ अळ्या, पोटानं जाड, मागून रुंद. पेटीतल्या दोघींच्या सख्ख्या बहिणी.

"हे बघा माहेर," ती शिडीवरून म्हणाली. "इथून फटीनं घरात उतरतात."

"म्हणजे सापडला चोर!" तामाहोउ ओरडले.

रोइमाता खाली उतरली. कागदाची पुडी बांधली.

"किडे सापडले," ती म्हणाली. "चोर त्यांच्यातला आहे असं मी कुठं म्हटलं?"

३

पेटी उघडली तेव्हा आत रोइमाता, पिमसाहेब आणि मी, एवढेच होतो. तिनं हात धुतले, पुटपुटत पूर्वजांची परवानगी घेतली आणि मग वाकली.

"साहेब, तुम्ही कसर लागलेली पिसं पाहिलीत कधी?"

"पुष्कळदा."

"कशी दिसतात?"

पिमसाहेबांनी आठवून सांगितलं. "कुरतडलेली. कडेचे तंतू जातात, मधली काडी उरते. फणीचे दात पडल्यासारखं दिसतं. आणि खाली वाळूसारखी विष्ठा, अळीनं टाकलेल्या काती..." बोलता बोलता ते थांबले. त्यांनी पेटीच्या तळाकडे पाहिलं.

"बोला ना."

"इथं काहीच नाही."

"काही नाही," रोइमाता म्हणाली. "पाहुणे जेवून गेले, पण ताटात शीत नाही, हाड नाही, खरकटं नाही. पिसांच्या काड्यासुद्धा गेल्या. आणि या दोन पोरी अजून इतक्या लहान आहेत, की एवढं लाल रान फस्त करायचं तर यांना जन्म पुरणार नाही. या रस्ता चुकून आल्यात."

"मग पिसं गेली कुठं?" मी विचारलं.

तिनं भिंग माझ्या डोळ्याला लावलं. मला विणकाम दिसलं, दोरखंडाएवढं मोठं. एकही धागा तुटलेला नव्हता. कापलेला नव्हता. शालीच्या पाठीला संग्रहालयानं आधाराचं अस्तर शिवलेलं होतं, त्याचा त्या जागेवरचा कोपरा मात्र उसवलेला होता.

"कुणीतरी बसून ती एकेक सोडवलीत," रोइमाता म्हणाली. "माणसाच्या हातांनी."

४

दुपारी ती एकेकाशी बोलली. मी चहा पुरवत होते, त्यामुळे सगळं कानांवर आलं. कान काही मी मुद्दाम बंद केले नव्हते.

पाओरा आजोबांपाशी ती जमिनीवर बसली.

"आजोबा, पेटी शेवटची कधी उघडली होतीत?"

"मी उघडत नाही. कापड झटकतो, काच पुसतो. शालीला हात लावायचा अधिकार विणकरांचा."

"कसर लागली असं तुम्हाला वाटतं?"

"मला वाटून काय होतंय? मी असताना झालं." त्यांनी डोळे मिटले. "तुझा आजा हीच शाल मागायला शहरात गेला होता. त्याला दारातून परत पाठवलं, म्हणाले, तुमच्याकडे किडे असतात. आता खरं झालं त्यांचं."

रोइमातानं त्यांचा हात घट्ट धरला. "अजून झालं नाही," ती म्हणाली.

पिमसाहेब माझ्या स्वयंपाकघरातच बसले होते, कालवांच्या भज्यांच्या ताटासमोर, भूक मेल्यासारखे.

"शाल आम्हाला दिलीत तेव्हा पुरी होती?"

"पुरी. मी स्वतः पाहिली. एक पीस कमी नव्हतं."

"पाठीकडून?"

"अस्तर होतं. ते माझ्या आधीपासूनचं. उसवायला परवानगी नव्हती." मग जरा घुटमळून म्हणाले, "तुमची आई मिहिपेका पेनेहा, ना? आमच्या वस्त्रदुरुस्तीच्या खोलीत होत्या. अजून त्यांचं नाव निघतं. त्या डाव्या हातानं शिवायच्या म्हणे, आणि त्यांचा टाका दिसायचा नाही."

"डाव्याच," रोइमाता म्हणाली. "आणि त्याबद्दल लहानपणी शाळेत मार खायची."

शेवटी पाएआ मावशी. ती पाण्याच्या टाकीमागं सावलीला बसून हाराकेकेची पानं सोलत होती.

"मावशी, पेटीची किल्ली तुझ्याकडे होती ना?"

"सांगितलं की काल."

"पिसं कुणी काढली असतील?"

"अळ्यांना विचार. तू त्यांची भाषा शिकलीस ना इतकी वर्षं?"

"त्या म्हणतात, आम्ही नाही."

"मग त्या खोटारड्या." मावशीनं पान टरकन फाडलं. तिच्या बोटांच्या पेरांवर, नखांच्या कडांना लालसर डाग होते. रोइमाता तिकडेच बघतेय हे तिच्या लक्षात आलं. "बीट चिरत होते," ती म्हणाली आणि हात पदराखाली घ्यावा तसा मांडीवरच्या पानांखाली घेतला.

परत येताना रोइमातानं मला विचारलं, "पुती, या आठवड्यात बीट केलंस?"

"नाही गं. शनिवारचं बीट अजून शेतातच आहे."

तिच्या चालण्यातला जोर गेला होता.

५

ती पुन्हा पेटीपाशी गेली. मी दारात बसले. तिनं बारीक चिमटा काढला, कापसाची काडी पाण्यात बुडवली. विणकामात अडकलेला लाल तंतू, पापणीच्या केसाहून बारीक, चिमट्यानं धरून ओल्या कापसावर टेकवला. कापूस गुलाबी झाला.

मग शेजारच्या पट्ट्यातल्या एका जुन्या लाल पिसाला तसाच ओला कापूस लावला. पांढराशुभ्र राहिला.

"रानपोपटाचा रंग जन्माचा असतो," ती स्वतःशीच म्हणाली. "हा बादलीतला आहे."

पुढं ती उघड्या जागेच्या अगदी खालच्या कडेला आली. तिथं पिसांविना, पण अजून न उसवलेली धाग्याची एक ओळ राहून गेली होती. तिनं भिंग जवळ नेलं. मागं घेतलं. पुन्हा जवळ नेलं. मग चष्मा काढला आणि उताणी पडून छताच्या रंगवलेल्या तुळयांकडे बघत राहिली.

"रोइमाता? काय दिसलं?"

"गाठी," ती म्हणाली. "उलट्या वळणाच्या."

मला काही कळलं नाही. मग मिहिपेका आठवली. ही गाठ उजव्या हाताची नव्हती.

"मिटवून टाक," मी म्हणाले. "चिमणीच्या घरट्यावर घाल सगळं. किडे आहेतच की! कोण विचारतंय?"

ती उठून बसली. तिचे डोळे लाल होते, पण आवाज ठाम होता. "आणि पाओरा आजोबा? त्यांनी मरेपर्यंत भिंतीकडे तोंड करून बसायचं?"

तिनं चष्मा घातला आणि पुन्हा वाकली. इतकी वाकली की तिचं नाक शालीला टेकेल असं वाटलं. आणि मग ती एकदम हसली. रडता रडता माणूस हसतं तशी.

"पुती, सगळ्यांना आत बोलव. पिमसाहेबांनाही. माझी आई काय बाई होती, ते सांगायचंय मला."

६

दिवस मावळायच्या आत गाव सभाघरात गोळा झालं. पाओरा आजोबांना तामाहोउंनी जवळजवळ उचलूनच आणलं. पाएआ मावशी खांबाला टेकून बसली. रोइमाता मधोमध उभी राहिली.

"घरात भुंगेरे आहेत, खरं आहे," ती म्हणाली. "चिमण्यांच्या जुन्या घरट्यातून येतात. तामाहोउकाकांच्या गालिच्यातून नव्हे, आजोबांच्या हयगयीनं तर मुळीच नव्हे. जगातल्या राजवाड्यांतही येतात. पण शालीची पिसं त्यांनी खाल्ली नाहीत. अळी काडी खात नाही, आणि अळीला गाठ सोडवता येत नाही. पिसं कुणीतरी सोडवली. शंभर धाग्यांच्या जाळीतून एकही जुना धागा न दुखवता. असे हात या गावात..."

"माझे," पाएआ मावशी म्हणाली. काठी टेकत उठली. "पुरे कर, पोरी. मीच काढली."

सभाघरात कुजबुज उठली. पाओरा आजोबांनी मान वर केली.

"ती पिसं खोटी होती!" मावशीचा आवाज चिरका झाला. "शाल आली तेव्हाच मला संशय आला. पेटी उघडून ओलं बोट लावलं तर रंग सुटला. कोंबडीची पिसं, लाल रंगवलेली! हिनेकुराच्या खांद्यावर कोंबडी! मी ती काढली. खरी पिसं मागवून ठेवलीत मी, रानात मेलेल्या पक्ष्यांची, वनखात्याकडून रीतसर. शनिवारच्या आत गुपचूप बसवणार होते. हे साहेब आधीच येऊन टपकले."

"मग बोलली का नाहीस?" तामाहोउ भडकले. "या म्हाताऱ्यानं अन्न सोडलं, आणि तू..."

मावशीनं रोइमाताकडे पाहिलं.

"मी सांगते," रोइमाता म्हणाली. "गाठी डावखुऱ्या होत्या. खोटी पिसं बसवणारी तिची बहीण होती. माझी आई."



"मी मिहिपेकाचं नाव चिखलात घालायला तयार नव्हते," मावशी पुटपुटली. "तिनं त्या लोकांसाठी आपल्या आईच्या शालीत खोटं लपवलं. माझ्या बहिणीनं. मी तिच्यावर इतकी रागावलेय, की डोंगरावर तिच्या कबरीपाशी गेले नाही."

"आता मी विचारते त्याचं उत्तर दे, मावशी. ती पिसं काढायला किती त्रास झाला?"

मावशी गोंधळली. "त्रास? काहीच नाही. जरा ओलं करून ओढ दिली की ओळच्या ओळ सुटायची."

"एखादा जुना धागा कापावा लागला?"

"नाही."

"तू चोरून काही बसवलं असतंस, तर कसं बांधलं असतंस?"

"जुन्यात गुंतवून. म्हणजे काढायला गेलं तर सगळंच फाटेल, कुणी काढणार..." मावशी बोलता बोलता थांबली. तिचा हात आपोआप तोंडावर गेला.

"आईला ते येत नव्हतं का?"

"तिला? माझ्यापेक्षा चांगलं यायचं तिला."

"मग तिनं वेगळा धागा घालून, सुटेल असं का बांधलं? कारण तिला ते सुटायलाच हवं होतं. कधीतरी शाल घरी जाईल, कुणीतरी विणकर बोट ओलं करून बघेल, आणि हे सगळं एका ओढीत निघून खऱ्या पिसांना जागा मिळेल. त्या वेळी तिला खरी पिसं मिळाली नसणार. जे मिळालं त्यानं तिनं उघडी जागा झाकली. आणि एवढ्यावर ती थांबली नाही." रोइमातानं पिमसाहेबांना खूण केली. "या, साहेब. शेवटची ओळ बघा. धाग्याखाली काय आहे?"

पिमसाहेब गुडघ्यांवर बसले. भिंग लावलं.

"काती," ते म्हणाले. "अळीच्या. जुन्या, ठिसूळ. तीन."

"चुकून अडकल्यात?"

"नाही... धागा त्यांच्यावरून दोनदा फिरवलाय. बांधल्यात."

"माझ्या आईच्या ओट्यावर कधी पावाचा चुरा पडलेला कुणी पाहिलाय?" रोइमातानं गावाला विचारलं. मागून कुणीतरी हसलं. मिहिपेकाची टापटीप सगळ्यांना माहीत होती. "ती बाई घाण ठेवून वर पिसं शिवेल? ही तिनं बांधून ठेवलेली साक्ष आहे. साहेब, आता ही आमच्या घरट्यातली कात बघा, आणि सांगा."

तिनं पुडी उलगडली. पिमसाहेब एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिले. उत्तर तिनं सांगितलं नाही. त्यांना वेळ दिला.

"तुमची आखूड आहे, मागून रुंद," ते शेवटी म्हणाले. "ही लांबट आहे, गाजरासारखी, आणि मागं केसांची शेपटी. ही वेगळीच कसर आहे." त्यांचा भाजलेला चेहरा पांढरा पडला. तरी ते थांबले नाहीत, आणि त्यासाठी मी त्यांना आजही मानते. "ही मी ओळखतो. आमच्या जुन्या तळघरात होती. तिला हटवायला आम्हाला वर्षं लागली. ही इथं कुठं सापडली?"

"घर, ओसरी, घरटं, सगळं बघितलं. एकसुद्धा नाही."

"म्हणजे मूळची पिसं आमच्याकडेच खाल्ली गेली. मग ती जागा झाकली गेली, आणि अस्तर शिवून टाकलं." ते उभे राहिले. टोपी नव्हती, तरी हात डोक्याकडे गेला. "मला हे माहीत नव्हतं. पण मी त्या घराचा माणूस म्हणून इथं आलोय. शाल इथून कुठंही जाणार नाही. आजच मी तसं कळवतो, माझ्या सहीनं. आणि पाओरा आजोबा, मी तुमची क्षमा मागतो."

पाओरा आजोबा सावकाश उठले. चालत त्यांच्यापाशी गेले आणि त्यांच्या नाकाला नाक लावलं. मग पाएआ मावशीकडे वळले.

"मला उपाशी मारत होतीस होय गं?"

"तुला कुणी सांगितलं होतं जेवू नको म्हणून?" मावशी रडत रडत म्हणाली. "आधीच काडीसारखा!"

"पुती," आजोबा माझ्याकडे बघून म्हणाले, "माझ्या वाटचा पाव कुणी खाल्ला?"

७

शुक्रवारी पहाटेच मावशी एकटी डोंगरावर जाऊन आली. काय बोलली, कुणी विचारलं नाही. परतली ती थेट ओसरीत बसली, भर उन्हात, सगळ्यांसमोर, आणि शाल मांडीवर घेतली. रोइमाता तिला एकेक खरं लाल पीस पुढं करत होती. मिहिपेकाची शेवटची ओळ मावशीनं उसवली नाही. त्याच धाग्यावर, त्या तीन कातींवर, तिनं नवी पिसं बांधली. पिमसाहेबांनी विचारलं, फोटो घेऊ का? "घ्या," मावशी म्हणाली, "आणि तुमच्या तळघरात लावा."

बाकीच्यांना रोइमातानं कामाला जुंपलं होतं. फळीमागची बेचकी झाडून जाळी ठोकली, फटीफटीतून व्हॅक्यूमचं नळकांडं फिरवलं, उशा-गाद्या उन्हात टाकल्या. सोहळा झाला की शाल गोठवायची, म्हणजे चुकार अंडंसुद्धा राहणार नाही, असं ती म्हणाली.

"माझ्या फ्रीझरमध्ये?" मी किंचाळले. "मटणाशेजारी? हिनेकुरा उठून बसेल!"

"नवा आणू," तामाहोउ छाती काढून म्हणाले. "कोरा. त्यात दुसरं काही ठेवायचंच नाही. एक हॉटेल बंद पडतंय असं ऐकलंय..."

"काका!" आम्ही दोघी एकदम ओरडलो.

शनिवारी चार खाड्यांपलीकडची माणसं आली. मारामा कप्तानाच्या गणवेशात फाटकातून आत आली. बायकांनी तिला रीतीप्रमाणे स्वागताची लांब हाक घातली. मावशीनं आणि रोइमातानं शाल तिच्या खांद्यांवर घातली. लाल पट्टा सलग होता, नव्या पिसांचा रंग जरा अधिक जळजळीत, आणि तो लपवायचा कुणी प्रयत्न केला नव्हता.

मग पाओरा आजोबा भाषणाला उभे राहिले. शाल बाहेर निघाली की तिला हात लावलेल्या विणकरांची नावं घ्यायची, ही रीत. हिनेकुराची थोरली सून, तिची लेक, त्या लेकीच्या लेकी. नावामागून नाव, श्वास न मोडता, ही आमची पाठ असलेली वाट. त्या वाटेच्या शेवटी ते थांबतात आणि खाली बसतात.

या वेळी ते बसले नाहीत. काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले.

"मिहिपेका," ते म्हणाले.

"मोठ्यानं!" पाएआ मावशी सगळ्यांच्या मागून ओरडली. "शेवटच्या रांगेला ऐकू आलं नाही!"

आजोबांनी मान ताठ केली, छाती भरून श्वास घेतला आणि ते नाव पुन्हा घेतलं.